पहिल्या ओळीत वाक्यरचनेची चूक

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी मी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. ते मला येतच असणार, अशी माझी समजूत होती.

आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा परदेशी गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, ती आम्ही एका मुलीला भाड्याने दिली. मुलगी यवतमाळकडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आठवड्यातून दोन दिवस ती सकाळी कंपनीची बस पकडायला जायची आणि बाकीचे दिवस खोलीत लॅपटॉपसमोर बसून काम करायची. नोकरी हिंजवडीत असताना पेठेत कशाला राहतेस, असं मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं.

ती म्हणाली, "इथं जेवण चांगलं मिळते काकू. अन् खाली उतरलं की माणसं दिसते."

"मिळतं," मी म्हणाले. "आणि माणसं दिसतात."

तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे ही सवय जात नाही, असं मी लोकांना सांगत आले आहे. खरं म्हणजे ती घालवायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही. दूधवाल्यापासून हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत मी कोणाला सोडलेलं नाही. डॉक्टर माझा कार्डिओग्राम बघत असताना मी त्यांच्या भिंतीवरच्या पाटीतला 'रूग्ण' ऱ्हस्व करायला सांगितला होता. त्यांनी मला मीठ कमी करायला सांगितलं.

तर ही मुलगी 'मी येऊन राहिली' म्हणाली की मी 'येते आहे' म्हणायची, आणि ती 'काहून' म्हणाली की मी 'का' म्हणायची. ती दरवेळी "हो काकू" म्हणायची. दोनेक महिन्यांत ती माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलू लागली. "ओके काकू", "डन काकू", "नो इश्यू काकू". आयटीवाल्यांचं असंच असतं, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "असेल" म्हटलं.

एक दिवस मी तिला चहा द्यायला गेले तेव्हा तिच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरं होती. मी चष्मा लावून वाचलं. इंग्रजीच होतं. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, नॉट, अँड. ही सगळी अव्ययं मला माहीत होती. मध्ये मध्ये कंस, स्वल्पविराम, अपूर्णविराम. मी विचारलं, "हेच का तुमचं कोडिंग?"

"हो काकू."

"म्हणजे हे व्याकरण आहे."

"तसं म्हणू शकता," ती म्हणाली. भाडेकरू मुलगी आणखी काय म्हणणार?

त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं की मी प्रोग्रॅमिंग शिकणार. जन्मभर व्याकरणच केलं, तेव्हा फार तर महिना लागेल. ह्यांनी कोणती भाषा ते विचारलं. मी आधीच चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे पायथन असं सांगितलं. पायथन म्हणजे अजगर.

"मग कात्रजला जा," हे म्हणाले. "सर्पोद्यानात बघायला मिळेल. पीएमटी जाते थेट."

मी कात्रजला गेले नाही. घरापासून दहा मिनिटांवरच्या एका क्लासमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलाचं शिक्षण काय झालंय?"

"मुलगा इंजिनिअर आहे. शिकायचंय मला."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा हातातल्या फॉर्मकडे बघितलं. "मॅडम, आमच्याकडे नोकरी मिळवून द्यायची हमी असते. पण ती तिशीपर्यंतच."

मी म्हणाले, नोकरी नको. मग नक्की काय हवं, हे तिला कळेना आणि मलाही नीट सांगता येईना. शेवटी मी त्यांच्या माहितीपत्रकातल्या 'प्रशीक्षण' या शब्दाखाली रेघ मारून ते तिला परत दिलं आणि बाहेर पडले. तशीच अप्पा बळवंत चौकात गेले आणि साडेसहाशे पानांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले.

पुढचे तीन आठवडे मी जो अभ्यास केला, तसा बी.ए.लासुद्धा केला नव्हता. पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. दोनशे पानी वही आणली, समास आखले, शीर्षकं लाल शाईने आणि मजकूर निळ्या शाईने. व्याख्या पाठ केल्या. पुस्तकातले प्रोग्रॅम मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढले आणि प्रत्येकाखाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या वहिनी आल्या की मी वही उघडी ठेवायची. त्या म्हणायच्या, "बाई, तुमचं धन्य आहे." मलाही ते पटायचं.

सहा प्रकरणं झाल्यावर एका रविवारी सकाळी मी वही घेऊन मुलीच्या दारात उभी राहिले. म्हणाले, "घे माझी परीक्षा."

तिने वही हातात घेऊन एकेक पान उलटलं. मग म्हणाली, "अक्षर भारी आहे काकू."

"ते सोड. चुका सांग."

"हे चालवून पाह्यलं का लॅपटॉपवर?"

"अजून नाही," मी म्हणाले. 'पाह्यलं'कडे मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं होतं. "आधी पाया पक्का करते. मग लॅपटॉप."

ती जरा घुटमळली. "काकू, हे वहीत चालत नाही. म्हणजे, वहीत सगळंच बरोबर वाटतं. पोहण्याचं पुस्तक वाचल्यासारखं आहे हे."

मी तिला सांगितलं की मी टिळक तलावावर पुस्तक न वाचताच पोहायला शिकले होते. ती म्हणाली, "मग तेच तर."

तिने मला ह्यांचा जुना लॅपटॉप आणायला लावला, त्यात काय ते घातलं, आणि एक रिकामी पांढरी खिडकी उघडून दिली. म्हणाली, "त्याला नमस्कार म्हणायला लावा." एवढंच. प्रिंट हा शब्द, मग कंस, कंसात अवतरणचिन्हं, आणि त्यांच्यामध्ये नमस्कार. माझ्या वहीत हे पहिल्या पानावर होतं. मी दोन बोटांनी टाइप केलं, वाक्य संपलं म्हणून पूर्णविराम दिला आणि चालवायचं बटण दाबलं.

लाल अक्षरं उमटली. पहिली ओळ, सिंटॅक्स एरर. सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना. तेहतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने जे लिहिलं, ते आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी लाल शाईने लिहून दिलं होतं.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणाले.

"शेवटचा डॉट काढा काकू."

"वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो."

"इथं नसतो."

मी पूर्णविराम काढला. पुन्हा लाल. वाक्याची सुरुवात म्हणून प्रिंटचा 'पी' मी मोठा लिहिला होता, तो त्याला ओळखू येईना. 'पी' लहान केला. मग शेवटचा कंस राहिला. मग मला वाटलं, आपण आपल्या ओळखीच्या जागी लिहावं, म्हणून मी पत्र लिहायच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ टाइप केली आणि तिथून उचलून इथे आणली. त्या प्रोग्रॅमने सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, देखणी अवतरणचिन्हं करून ठेवली होती, छापील पुस्तकात असतात तशी. तीही चालेनात. मी म्हणाले की ही जास्त शुद्ध आहेत. मुलगी म्हणाली, "आहेत काकू. पण त्याला ती ओळखीची नाहीत."

अकराव्या खेपेला पडद्यावर 'नमस्कार' आला. मी ह्यांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "एवढं मी हाताने लिहून दिलं असतं."

साडेसहाशे पानी पुस्तक त्या दिवसापासून लॅपटॉपखाली गेलं, पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून. मुलीने मला सांगितलं की रोज अर्धा तास बसायचं, एका दिवशी चार तास नाही. उदाहरण बघून उतरवायचं नाही, बघायचं, मिटायचं आणि आपल्या मनाने लिहायचं. चाललं की त्यातलं एकच काहीतरी बदलायचं आणि काय होतं ते बघायचं. आणि लाल अक्षरं आली की घाबरून पुसायची नाहीत, सगळ्यांत खालची ओळ आधी वाचायची. हे सगळं तिने मला रविवार-रविवार करून सांगितलं, इतक्या हळू आणि न चिडता, की मी मनातल्या मनात तिला शिक्षिकेच्या नोकरीसाठी नापास केलं. एवढ्या मऊपणाने वर्ग हातात राहत नाही, असं माझं मत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी लूप शिकले. तीच गोष्ट यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची. मी त्याला 'मी वर्गात बोलणार नाही' हे शंभर वेळा लिहायला लावलं. ही शिक्षा मी वर्षानुवर्षं मुलांना दिली होती आणि त्यांचा त्यात अख्खा तास जायचा. यंत्राने ते डोळ्याची पापणी लवायच्या आत लिहून टाकलं. शंभरदा लिहूनही त्याला त्यातलं काही कळलेलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांचंही तसंच होत होतं का, हा विचार मनात आला. मी तो पुढे ढकलला.

मग ती म्हणाली, "आता तुमच्या स्वतःच्या कामाचं काहीतरी छोटं करा. ज्याचा तुम्हाला रोज त्रास होते, असं."

"होतो," मी म्हणाले. आणि मला काय करायचं ते त्याच क्षणी सुचलं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर आहेत. माणूस कामाचा. पण सूचना लिहितात त्या वाचवत नाहीत. मुळात 'सुचना' अशीच सुरुवात. पुढे 'पुर्ण', 'आणी', 'कि'. पूर्वी मी त्यांच्या सूचना फलकावर जाऊन पेनाने दुरुस्त करायची. आता त्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात आणि तिथे पेन चालत नाही. मी ठरवलं की अशुद्ध शब्द शोधून त्यांच्या जागी शुद्ध शब्द घालणारा प्रोग्रॅम लिहायचा.

खरं सांगायचं तर ते दिवस फार आनंदाचे होते. मी एक यादी केली. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. सुचना, सूचना. पुर्ण, पूर्ण. आशिर्वाद, आशीर्वाद. आणी, आणि. कि, की. लूप यादीतली एकेक जोडी उचलणार आणि मजकुरात डावीकडचं दिसलं की तिथे उजवीकडचं घालणार. सगळा मिळून प्रोग्रॅम नऊ-दहा ओळींचा, यादी मात्र वाढत वाढत पन्नास जोड्यांवर गेली. उठता-बसता मला चुका दिसत होत्या आणि दिसली की मी जाऊन यादीत टाकत होते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, घरातलं बोलणं, सगळीकडून माल येत होता.

पहिल्यांदा मी त्याला एक वाक्य दिलं, ते दुरुस्त होऊन आलं. दुसरं दिलं, तेही आलं. दोन वाक्यांवर मी तपासणी संपवली.

बुधवारी दुपारी ग्रुपवर सेक्रेटरींची सूचना आली. वरच्या टाकीची सफाई होणार होती. मी ती उचलून माझ्या प्रोग्रॅमला दिली. बाहेर आलेल्या मजकुराच्या पहिल्या ओळीत 'सूचना' दीर्घ झालेली बघितली, पुढच्या ओळीत 'पूर्ण' बघितलं, आणि धन्य होऊन ती सबंध प्रत ग्रुपवर पाठवून दिली. वर लिहिलं, 'शुद्ध प्रत. ही मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने तपासली आहे.' मग मी चहा टाकायला गेले.

चहा उकळेपर्यंत हे फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. ह्यांना मी कधी मोठ्याने वाचताना ऐकलं नव्हतं.

"पाणी कीती वाजता येईल ते सांगता येत नाही," ह्यांनी वाचलं. "कीती, दीर्घ. तरी सर्वांनी कीमान दोन बादल्या कींवा एक पिंप भरून ठेवावे. दीर्घ, दीर्घ. पार्कींगच्या गाड्या हलवाव्यात. गच्चीची कील्ली सेक्रेटरींकडे आहे. आणिबाणीच्या वेळी फोन करावा. आणिबाणी ऱ्हस्व."

मी गॅस बंद केला. फोन हिसकावून घेतला आणि वाचलं. सगळं खरं होतं. ह्यांच्या नजरेतून निसटलेलं एक 'कींचित' आणखी होतं. चव्वेचाळीस घरांच्या ग्रुपवर मी माझ्या नावाने सात चुका पाठवल्या होत्या आणि त्या स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने तपासल्या असल्याची ग्वाही दिली होती.

सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'बाई, माझ्या चारच होत्या.'

पहिल्या मजल्यावरच्या एका आईने विचारलं, 'किती आता दीर्घ लिहायचं का? मुलाची सहामाही आहे, लवकर कळवा.'

मी मजकूर काढून टाकायला गेले, पण गडबडीत तो फक्त माझ्या फोनमधून गेला. बाकीच्या त्रेचाळीस घरांत तो राहिला, मलाच तेवढा दिसेनासा झाला.

मुलगी त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी तिच्या खोलीत जाऊन म्हणाले, "तुझं यंत्र बिघडलंय." माझं तोंड बघून ती लॅपटॉप बाजूला ठेवून उठली.

जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. तिने माझ्या दहा ओळी वाचल्या आणि सेक्रेटरींची सूचना पुन्हा त्यातून काढली. हसली नाही. हसली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

"काकू, तुम्ही त्याला कि चं की करायला सांगितलं ना?"

"हो."

"त्यानं केलं. जिथं जिथं दिसलं तिथं. किती मधी कि आहे. किल्ली मधी आहे. पार्किंग मधी पण आहे."

"पण किती हा वेगळा शब्द आहे. एवढं त्याला कळू नये?"

"शब्द म्हणजे काय, हे त्याला कुठं माहीत आहे? तुम्ही सांगितलंच नाही."

शब्द म्हणजे काय, हे पाचवीच्या मुलांना मी दरवर्षी जूनमध्ये सांगत असे.

"आणीबाणीचं पण तेच," ती म्हणाली. "तुमच्या यादीत आणखी असे कोणते शब्द आहेत, ते पाहू." आणि तिने यादी खाली सरकवायला सुरुवात केली. आशिर्वाद, हार्दीक, दिर्घ. ती एकेक ओळ बोटाने दाखवत पुढे चालली होती. मला शेवटच्या ओळींची आठवण झाली तेव्हा फार उशीर झाला होता.

पंचेचाळिसाव्या जोडीपाशी तिचं बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, काहून, का. त्याखाली, येऊन राहिली, येते आहे. होते, होतं. अन्, आणि. मधी, मध्ये. पाह्यलं, पाहिलं. सहा ओळी, सगळ्या चुकीच्या बाजूला. आशिर्वादच्या आणि हार्दीकच्या पंक्तीत.

तिने सहाही ओळी वाचल्या. मग म्हणाली, "हे सेक्रेटरी काका लिहितात?"

"नाही," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने बोट पुन्हा वर नेलं आणि आधीच्याच आवाजात सांगितलं, "आधी वाक्याचे शब्द वेगळे करून घ्या. मग अख्खा शब्द जुळला तरच बदला. करून पाहा तुम्ही. माझा कॉल आहे आता."

मी चहा घेतेस का विचारलं. ती इंग्रजीत नको म्हणाली आणि आत गेली.

वर्गात एखाद्या मुलाला मी अशुद्ध बोलल्याबद्दल उभं करायची तेव्हा तो खाली बघायचा. मला वाटायचं, त्याला चूक कळली. या मुलीने खालीसुद्धा बघितलं नव्हतं. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला का लागली, ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्याचं खापर अख्ख्या हिंजवडीवर फोडलं होतं.

निदान त्या सहा ओळी तरी काढून टाकाव्यात, म्हणून मी त्या निवडल्या आणि एका फटक्यात पुसल्या. मग प्रोग्रॅम चालवून बघितला. लाल अक्षरं. तळाची ओळ वाचली. कुठलासा कंस उघडला आहे तो बंद झालेला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अर्धा तास मी तो कंस शोधत होते. जिथे जिथे संशय आला तिथे तिथे एकेक कंस घातला. लाल अक्षरं वाढत गेली. शेवटी मला तिच्या दारावर टकटक करावी लागली.

"काय झालं काकू?"

मी शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. पण तोंडातून आलं ते असं, "मी तुझे शब्द काढायला गेले, त्यात शेवटचा कंसही गेला. आता काहीच चालत नाहीये. ते शब्द तिथे घालायलाच नको होते. चुका नव्हत्याच त्या. माझं चुकलं."

माफी मागायची मला सवय नाही. त्यामुळे ती अशी कंसाला चिकटून बाहेर पडली. मुलीने टेबलाशी येऊन लॅपटॉप बघितला. मी घातलेले नऊ कंस तिने मोजले, आणि तिला हसू फुटलं. ओठ दाबून ते थांबेना, तेव्हा ती खुर्चीत बसून सरळ हसली.

"इतले कंस काहून घातले काकू?" ती म्हणाली.

माझं तोंड उघडलं. सवयीने उघडलं. मी ते मिटलं. "कुठला गेला ते कळेना," मी म्हणाले.

नंतरच्या दोन रविवारी आम्ही तो प्रोग्रॅम दुरुस्त केला. शब्द वेगळे करून अख्खा शब्द जुळवायला लागल्यावर 'किती' वाचला, पण ज्या 'कि'च्या पुढे स्वल्पविराम होता तो तसाच राहू लागला, कारण स्वल्पविरामासकट तो वेगळाच शब्द ठरत होता. विरामचिन्हांनी मला असा दगा देणं मी अपेक्षिलं नव्हतं. ते निस्तरलं तर अवतरणातला शब्द सुटायला लागला. एकेक भोक बुजवत आम्ही पुढे जात होतो आणि मुलगी बोलत होती. तिच्या गावाबद्दल, कापसाबद्दल, कंपनीतल्या पहिल्या महिन्यात ती सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला कशी घाबरायची त्याबद्दल. "चुकलं तर सगळे पाहतील, असं वाटायचं," ती म्हणाली. मी तिला ग्रुपवरची ती सूचना आठवून सांगितलं की पाहतात, आणि नंतर विसरतात. ते खरं नव्हतं. अजून सोसायटीत मला 'पाणी कीती वाजता' असं विचारणारे दोघे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्याबरोबर तिची आई चार दिवस आमच्याकडे राहायला आली. शाळा सातवीपर्यंत झालेली, हाताने काम करून तळवे खरखरीत झालेली बाई. दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेली आणि आम्ही दोघी घरात. मी लॅपटॉप उघडून बसले होते, तर त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी सांगत होती, तुमी बी शिकून राहिल्या म्हणे. हेच करते का ते तिकडं, दिवसभर?"

"याच्यापेक्षा बरंच मोठं. पण हो, हेच."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मले कधी समजलंच नाही, ते काय काम करते. इचारलं तर म्हणते, कांपुटरवर असते. शेजारच्या बाया इचारतात, तं मी बी तेच सांगतो."

मी त्यांना समजावून सांगायला लागले. व्याख्येपासून सुरुवात केली. प्रोग्रॅम म्हणजे सूचनांचा क्रम, भाषा म्हणजे अमुक. दोन मिनिटांत त्यांचे डोळे शेजारच्या वहिनींच्या डोळ्यांसारखे झाले, धन्य आहे म्हणतानाच्या. मग मी थांबले, उठले आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं.

"मले नाही येत," त्या म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"मलाही येत नव्हतं. हे बटण दाबा."

एकेक अक्षर शोधत त्यांनी ओळ पुरी केली. मधला मजकूर काय लिहायचा विचारलं, तर म्हणाल्या, लेकीचं नाव. ते टाइप करायला बराच वेळ लागला, कारण त्यातलं जोडाक्षर जमेना आणि मला ते लगेच करून द्यायचा फार मोह होत होता. मी हात पाठीमागे धरले. पहिल्या खेपेला लाल अक्षरं आली. त्यांनी दचकून हात मागे घेतला. "बिघडलं का जी?"

"काही नाही बिघडलं. सगळ्यांत खालची ओळ बघा. इथे काहीतरी राहिलंय, एवढंच तो सांगतोय."

दुसऱ्या अवतरणचिन्हाचं बटण त्यांचं त्यांनाच सापडलं. मग चालवायचं बटण दाबलं आणि लेकीचं नाव खालच्या ओळीत उमटलं. त्या बराच वेळ ते बघत होत्या. मग त्यांनी पदराने पडद्याचा कोपरा पुसला, खरं तर तिथे काही नव्हतं, आणि विचारलं, "आता तिच्या बापाचं बी घालता येते का खाली?"

मी म्हणाले, येते. आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.